मी स्कॉटिश होतो तो हिवाळा

मी एक अख्खा हिवाळा स्कॉटिश होतो. दिवाळीच्या साफसफाईत झालो आणि महाशिवरात्रीच्या आसपास बरा झालो.

त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या आम्ही औरंगाबादच्या छावणीपलीकडं, पडेगावच्या शिवारात ज्वारी, बाजरी आणि भाऊबंदकी पिकवणारी साधी माणसं. (शहराचं नाव पुढं बदललं, आमचं पीक तेच राहिलं.) मी मात्र घराण्यातला पहिला बी.ए.! तोही इंग्रजी घेऊन. एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो, म्हणजे इंग्रजी किती सोपं असतं हे मुलांना वर्षभर मराठीतून सांगायचो.

आमच्या शेतात कडुनिंबाखाली एक दगडी थडगं आहे. त्याला सगळे 'साहेबाचं थडगं' म्हणत. कुठला साहेब, कधी मेला, आमच्याच शेतात का मेला, हे कुणी विचारलं नव्हतं. पोळ्याला बैलांची पूजा झाली की घरचा कर्ता माणूस तिथं भिजवलेले हरभरे, गूळ आणि हिरव्या गवताची एक पेंढी ठेवून यायचा. माझे वडील, आण्णा, दरवर्षी न चुकता ठेवायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "ठेवायचं असतं." आपल्याकडच्या निम्म्या संस्कृतीचा खुलासा याच दोन शब्दांत होतो.

त्या दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यातून दोन कागद निघाले. एक लांबलचक, गोल शिक्क्यांचा, उर्दूत. दुसरा इंग्रजीत, पण निम्मा वाळवीनं खाल्लेला. निजामाच्या राज्यात सगळा कारभार उर्दूत चालायचा. आण्णा त्याच उर्दू शाळेत शिकलेले. मग पोलीस ॲक्शन झाली, मराठी शाळा आल्या आणि आम्ही पोरं आपल्याच जमिनीचे कागद उलटे धरायला मोकळे झालो. उर्दू कागद मी न बघताच बाजूला सारला. महत्त्वाचं काही असेल तर ते इंग्रजीतच असणार, अशी माझी पदवीधर खात्री होती!

वाळवीनं जेवून उरवलेले शब्द असे होते: 'माझा अत्यंत लाडका', मग एक भोक, 'या शेतात चिरनिद्रा', मग मोठं भोक, 'मल्हारी आणि त्याची मुलं'. खाली सही, कॅप्टन मॅकनीश, आणि त्याच्या स्कॉटलंडमधल्या गावाचं नाव. मल्हारी म्हणजे आमचे खापरपणजोबा! मधल्या गाळलेल्या जागा मी भरल्या. तो तर माझा रोजचाच धंदा. 'मल्हारी हा माझा अत्यंत लाडका पुत्र असून, मला या शेतात चिरनिद्रा लाभो.' मी आरशात पाहिलं. घारे डोळे! एवढी वर्षं हे घारे डोळे घेऊन मी ज्वारीची भाकरी खात होतो!

"आई, आपल्यात घारे डोळे कुणाचे गं?"

"कुणाचे म्हंजे? तुझ्या मामाचे. माझ्या माहेरात समदे घारेच हायेत."

हा पुरावा गैरसोयीचा असल्यामुळं मी तो तपासातून वगळला.

मग टेप घेऊन थडगं मोजलं. चांगलं दहा फूट भरलं. पूर्वज धिप्पाड होते! (मी पाच फूट तीन इंच. मधल्या पिढ्यांना इथलं पाणी मानवलं नसावं.) हरभऱ्यांचंही कोडं सुटलं. स्कॉटलंडची माणसं सकाळी ओट खातात असं मी वाचलं होतं. आपल्याकडं ओट कुठले मिळायला, म्हणून हरभरे. गवताच्या पेंढीचं मात्र काही केल्या जमेना. तिला मी 'परंपरा' या सदरात टाकलं आणि गुलमंडीवरून एक चौकड्यांचा लोकरी मफलर घेऊन आलो.

आता फक्त मृत्यूची नोंद हवी होती. छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये गेलो. तिथले पाद्रीबाबा गंगापूरकडचे, मोठे प्रेमळ गृहस्थ.

"कोन पाह्यजे?" त्यांनी विचारलं.

"माझे पूर्वज."

त्यांनी माझ्या कपाळावरचं गंध बघितलं, मफलर बघितला. "इथं?"

बाबांनी दफनाची जुनी जाडजूड वही काढली. आम्ही दोघांनी मिळून सबंध दुपार साहेबलोक मारले. कुणी तापानं गेलेला, कुणी पटकीनं, एक जण तर पंगतीत जास्त जेवून. मॅकनीश मात्र कुठंच नाही.

"नाय बा. तुमचा कॅप्टन काय इथं पुरलेला नाय."

"बघा!" मी जवळजवळ उडालोच. "इथं नाहीत, म्हणजे आमच्या शेतातच आहेत!"

"या हिशेबानं," वही मिटत बाबा शांतपणे म्हणाले, "जगातली निम्मी मानसं तुमच्या शेतात हायेत."

मी लक्ष दिलं नाही. संशोधकाला असली कुचकी बोलणी ऐकावीच लागतात. घरी येऊन मी त्या स्कॉटिश गावाच्या पोस्टमास्तरला लांबलचक पत्र धाडलं: 'आपले कॅप्टन आमच्या शेतात सुखरूप झोपलेले आहेत. त्यांच्या वंशजांना आमचा म्हणजे वंशजांचा नमस्कार.'

उत्तराची वाट बघत असतानाच लासूर स्टेशनहून स्थळ आलं. मुलीचे वडील भागाजीराव, शहरातल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत दुकान, घराणं तालेवार. मुलगी मंदा. पोह्यांची बशी ठेवताना तिनं माझ्या मफलरकडं बघून ओठ दाबून हसू आवरलं आणि मी तिथंच गार झालो. सरळच सांगतो, मला मंदा फार आवडली. इतकी, की तिच्यावर छाप पाडण्यासाठी मी काहीही करायला तयार होतो. तेच नडलं.

बैठक छान रंगली होती. पसंती झाल्यातच जमा होती. भागाजीरावांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "मूळ गाव कोनतं म्हनायचं तुमचं?"

आण्णांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोललो. "स्कॉटलंड!"

भागाजीरावांनी थोडा विचार केला. "कोनत्या तालुक्यात येतं ते?"

मग मी सगळं सांगितलं. कॅप्टन, चिठ्ठी, दहा फुटी थडगं, ओट. बोलता बोलता उठून उभा राहिलो, घारे डोळे खिडकीच्या उजेडात धरून दाखवले. आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला. भागाजीरावांची कपबशी हवेत तशीच थांबली.

"म्हंजे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या खापरपणजोबाच्या आईनं... गोऱ्यासंगं...?"

आता हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! मी पूर्वजाचा इतका विचार केला होता, की पूर्वजिणीचा करायला सवडच मिळाली नव्हती. मी आण्णांकडं पाहिलं. ते कपातल्या चहाकडं असे बघत होते, की चहात उडी मारता आली असती तर त्यांनी मारली असती.

परतीच्या एसटीत ते फक्त एकदा बोलले. "खिडकी लाव. तुला थंडी वाजंल. तुमच्या स्कॉटलंडात लई सवय असंल, पर आपलं हे लासूर हाय."

दोन दिवसांत निरोप आला: 'आधी तुमच्या खापरपणजोबाचा बाप कोन ते ठरवा. गोरा निघाला तर आमचा रामराम. आमाला सोयरीक करायची हाय, फौजेत भरती नाय व्हायचं.'

शहाण्या माणसानं त्याच क्षणी स्कॉटलंडवर पाणी सोडलं असतं. मीही सोडणार होतो. मंदासाठी मी दहा स्कॉटलंड सोडले असते! पण नेमकं त्याच दिवशी पोस्टमन विलायती पाकीट घेऊन आला. कॅप्टनच्या पुतण्याची नात, मिस मॅकनीश, निवृत्त शिक्षिका. अजिंठा बघायला त्या येणारच होत्या. फर्दापूरला मुक्काम करून पुढं आमच्याकडं 'नातलगांना' भेटायला येणार होत्या.

"आण्णा, येऊ नका म्हणून तार करू का?"

"पाव्हनीला 'येऊ नको' म्हनतेत व्हय? येऊ दे. तुझी मावशी का आत्या जी कोन आसंल ती." आणि ते पुन्हा अडकित्त्यानं सुपारी कातरायला लागले.

बातमी गावात फुटली, गावातून मोंढ्यात आणि मोंढ्यातून अर्थातच लासूरला. मिस मॅकनीश यायच्या दिवशी सकाळीच भागाजीराव दोन भावांना घेऊन शेतात हजर! "आमी आपलं सहज आलो," असं म्हणून ते थडग्यासमोर बाज टाकून बसले. एका माणसाचं लग्न मोडतं कसं, हे बघायला आणखी शंभरेक माणसं सहजच आली होती. कडुनिंबाच्या फांदीवर सुद्धा जागा उरली नव्हती.

टॅक्सीतून बाई उतरल्या. उंच, सडपातळ, पांढरे केस. मी मफलर सावरून पुढं झालो आणि पाठ केलेलं स्वागत म्हणून टाकलं. त्या उत्तरादाखल बरंच काही बोलल्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही! माझ्या रक्ताची भाषा, आणि मी आपला 'येस, येस' करत मान डोलावतोय!

"काय म्हनतीय?" भागाजीराव.

"प्रवास बरा झाला म्हणतात," मी ठोकून दिलं.

बाई थडग्यापाशी गेल्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत थडग्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. पिशवीतून एक कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि माझ्यावर दया येऊन सावकाश, एकेक शब्द बोलल्या. त्यांच्या गावच्या चर्चमधली दफनाची नोंद होती ती. कॅप्टन मॅकनीश नोकरी संपवून मायदेशी परतले, म्हातारे झाले, सर्दी झाली आणि स्वतःच्या पलंगावर वारले. थडगं बाईंच्या घरामागच्या त्याच चर्चच्या आवारात होतं. त्या दर रविवारी तिथं फुलं ठेवायच्या.

"काय म्हनतीय?" भागाजीराव पुन्हा.

"म्हणतात... कॅप्टन तिकडं आहेत."

"मंग हितं कोन हाय?"

बाईंनीही इंग्रजीतून नेमकं तेच विचारलं. शंभर माणसं, दोन देश, सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्याकडं थडगं होतं, दफनाची नोंद होती आणि मढं मात्र नव्हतं!

तेव्हा आण्णा उठले. बंडीच्या खिशातून तो उर्दू कागद काढला, चष्मा लावला आणि अस्खलित, झुळझुळत्या उर्दूत वाचायला लागले. मधेच थांबून सगळ्यांना समजेल असं सांगितलं. "मल्हारी वल्द खंडोजी, पेशा मोतद्दार, म्हंजे घोड्याची निगा राखनारा. कॅप्टन साहेब बहादूर यांचा मरहूम घोडा, रंग अबलख, ह्या जागी दफन हाय. त्याच्या कबरीची झाडलोट कराया आन् दरसाल दाना-चारा चढवाया ही जमीन मल्हारीला आन् त्याच्या पोराबाळाला बहाल."

मग फांदीवरून कुणीतरी म्हणालं, "घोडा?" आणि सबंध शिवार हसायला लागलं. भागाजीराव बाजेवर आडवे होऊन हसत होते.

"आण्णा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"व्हय. माझ्या बापानं वाचून दाखवलं होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कधी? तू इंग्रजी पुराव्यानिशी बोलत हुतास. त्यात मधीच आमची उर्दू कशाला घालायची?" चष्मा काढून त्यांनी तो नीट पुसला. "आन् शेतावर येऊन वाचायचं हुतं मला. नाय तर घरी म्हनला असतास, आण्णा बनवून सांगतेत."

मिस मॅकनीशना सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडंच आलं. 'माफ करा, आम्ही तुमचे कोणी नाही, आम्ही तुमच्या घोड्याचे आहोत,' हे वाक्य माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं! पण बाईंना ते कळलं. त्यांनी थडग्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. आमच्यासाठी आणलेली सगळी फुलं त्यांनी घोड्याला वाहिली. एवढी वर्षं त्याला दाणा देणाऱ्या आण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. आण्णा लाजून "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले. मी तिथं होतो हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

भागाजीराव डोळे पुसत उठले आणि आण्णांना त्यांनी मिठी मारली. "पाव्हनं, मुक्या जनावराला दिलेला शबुद इतक्या पिढ्या राखनारं घर हाय हे. माझी पोरगी हितं सुखात राहील. पोरगं जरा येडं हाय, पर ते आमी सांभाळून घेऊ."

फाल्गुनात लग्न लागलं. लासूरला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावरून जायचं होतं. सजवलेला पांढराशुभ्र घोडा, ताशे, सगळी वरात थांबलेली. मी रिकिबीत पाय टाकला तोच भागाजीराव ताशांवर आवाज चढवून ओरडले, "जावईबापू, बेतानं बसा! खाली तुमच्या घरचं वडीलधारं मानूस हाय!"

वरात हसून लोळली. मी पाय रिकिबीतून काढून घेतला, फेटा सावरला आणि वाकून आधी घोड्याच्या पाया पडलो.