तस्कराचं अंथरूण

सगळं सांगतोच, नाहीतर अजून कोणीतरी हेच करेल.

मानकोलीच्या गोडाऊनमध्ये माझी ड्युटी चालू होती आणि बॉक्सच्या मागे साप निघाला. तस्कर! बिनविषारी, तपकिरी, मानेजवळ काळे-पांढरे पट्टे, एवढा देखणा! पण मी पोचेपर्यंत कोणीतरी काठी घातलेली, पाठ सोललेली. मला साप पकडायला शिकवणारा गल्लीतला सर्पमित्र दादा फोनवर म्हणाला, "वनखात्याला कळव, आजच देऊन टाक. घरी ठेवायचा नाही, गुन्हा आहे." मी हो हो केलं आणि घरी आणला. जखम भरली की सोडतो, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तो हवा होता.

आई दारातच. "ह्याला कुठे झोपवणार? माझ्या उशाशी?"

फिशटँक रिकामा होता. खाली काय घालू? भिवंडीत उशा भरण्यापासून गॅरेजमध्ये हात पुसण्यापर्यंत सगळीकडे लूमचं वेस्टेज सूत चालतं. शेजारच्या लूमवाल्या चाचांनी पिशवी भरून दिली. "ले जा, एकदम मुलायम है. तेरा साँप तो नवाब हो गया!"

आठव्या दिवशी जखम सुकली. उंदीर टाकला, त्याने विळखा घालून गिळला, मी नाचलोच! आता फोटो बघतो तर उंदराला सूत चिकटलेलं स्पष्ट दिसतं. तेव्हा दिसलं नाही. तीन दिवसांनी त्याच्या तोंडातून दोऱ्याचं टोक बाहेर आलं. चिमटीत धरून ओढलं. येत गेलं, म्हणून ओढत गेलो. मग रक्त आलं.

कापडी पिशवीत घालून दादाकडे पळालो.

"ओढलास?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

मी दोन्ही हात लांब करून दाखवलं.

"आतडी ओढलीस रे त्याची. दोरा बाहेरच्या बाहेर कापायचा आणि डॉक्टर गाठायचा."

त्याने बाइक काढली. मी मागे, पिशवी मांडीवर. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पिशवीतली हालचाल थांबली. मी दादाला बोललो नाही. दवाखान्याच्या दारात त्यानेच पिशवी उघडली, बघितलं आणि गाठ परत मारली.

शिवी पण दिली नाही. वनखात्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"कुठून आणलास?" पलीकडून विचारलं. सांगितलं.

"किती दिवस ठेवलास?"

"अकरा."

दादा बाजूला उभा राहून ऐकत होता, मी काही गाळतोय का ते.