युनूस हवालदारांचा राग

युनूस हवालदारांच्या मेसमध्ये जेवणाची स्तुती करायला बंदी होती. मी तिथं पहिल्यांदा जेवलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. वरण छान झालंय, असं मी सभ्य माणसासारखं बोलून गेलो. वाढता वाढता ते थांबले. म्हणाले, "छान झालं तं खा ना बाबू. भाषन काऊन करून राह्यला?" शेजारचे खाली मान घालून हसत जेवत राहिले. पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी या बंदीचं कारण सांगितलं. "फौजीत कोनी तारीफ केली का समजाचं, आता आपल्याले कुठीतरी पाठवून राह्यले."

सैन्याच्या लंगरात वीसेक वर्षं स्वयंपाक करून ते चंद्रपूरला घरी परतले होते आणि आमच्या कंपनीच्या वसतिगृहाची मेस चालवत होते. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तिला प्रसिद्धीची हौस फार, आणि ती भागवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडंच होतं. मी कल्याण विभागात होतो. कल्याण कोणाचं होत असे ते सांगता येणार नाही, पण शाली, नारळ आणि विशेषणं यांचा साठा माझ्या कपाटात कधी संपला नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सैनिकांच्या घरातल्या स्वमग्न तरुणांना कामाचं प्रशिक्षण द्यायचं, अशी योजना आमच्या विभागाच्या समितीनं काढली. वर्षभर शिकवायचं, मग नोकरीत घ्यायचं. कागदावर याहून चांगली कल्पना मी पाहिलेली नाही. पहिल्या वर्षी तिघे आले. दोघांच्या वडिलांची बदली झाली आणि ती कुटुंबं निघून गेली. सैनिकाच्या मुलाची शाळा, डॉक्टर, ओळखीची माणसं, सगळं असंच दर दोन-तीन वर्षांनी मोडत असतं. राहिला तो विलास. वय बावीस. वडील सैन्यात नायक होते, सीमेवर लढताना गेले. त्यानंतर आई सुनंदाबाई त्याला घेऊन माहेरी, चंद्रपूरला आल्या. गल्लीतले लोक त्याला येडा म्हणत. आमची समिती सुसंस्कृत असल्यामुळं 'विशेष बालक' म्हणे. हवालदार एकदा भर बैठकीत म्हणाले, "मिशा आल्या साहेब त्याले. मानूस म्हना."

विलासला कंपनीतलं कोणतंच खातं घ्यायला तयार नव्हतं. हवालदारांनी मेसमध्ये घेतलं, आणि घेतल्यावर पहिलं काम केलं ते सगळे कुकर बाहेर काढण्याचं. कुकरची शिटी वाजली की विलास कान दाबून भिंतीला टेकून बसे. गॅस जास्त लागतो म्हणून कंपनीनं हरकत घेतली. हवालदार म्हणाले, "शिटीनं मी बी दचकतो. वीस वर्स मले कोनी इचारलं नाई." वरण, भात, सगळं पातेल्यात शिजू लागलं.

ते विलासला लंगरातल्यासारखं शिकवत. एका वेळी एक हुकूम, रोज त्याच शब्दांत. 'विलास, कांदा.' मग कांदा संपेपर्यंत दुसरं काही नाही. सामान कधी जागेवरून हलायचं नाही. कामात कोणी गप्पा मारायच्या नाहीत, पाठीवर थाप मारायची नाही. मी एकदा म्हणालो की हे फार कोरडं वाटतं. ते माझ्यावर खेकसले, "लाड कराले त्याची माय आहे. इथी काम आहे." वर्ष सरता सरता विलास एकट्याच्या बळावर सकाळचं जेवण काढू लागला. त्याच्या पाटोडीच्या वड्या इतक्या एकसारख्या असत की परातीत त्या मांडलेल्या नसून छापल्यासारख्या वाटत. माझी स्तुती जिभेवर आलेली असे. मी ती वडीबरोबर गिळत असे.

मग वर्षअखेरीचा समारंभ आला.

समितीच्या अध्यक्षांना समारंभ हवाच होता. हवालदार त्यांना भेटून आले, विलासला स्टेजवर बोलावू नका, पाह्यजे तर किचनमध्ये येऊन पाहा, असं सांगून आले. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते तरबेज होते. त्या दिवशी विलासला फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसवलं गेलं. माईक किंचाळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विलास फेटा भिरकावून टेबलाखाली शिरला. अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "शूर पित्याचा लाजाळू पुत्र!" पुन्हा टाळ्या. हवालदार स्टेजवर चढले, टेबलाशी खाली बसले आणि हळू म्हणाले, "विलास. पाटोडी." विलास बाहेर आला आणि कोणाकडंही न पाहता सरळ किचनकडं गेला.

त्यानंतर पाहुणे जेवायला बसले. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, जवसाची चटणी. जेवताजेवताच समितीचा निर्णय झाला. आजचं वर्तन पाहता विलास नोकरीसाठी अजून तयार नाही. प्रशिक्षण वर्षभर वाढवावं. अध्यक्ष हे बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात वडी होती.

हवालदार रश्श्याचं भांडं घेऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, तुमच्या ताटात आहे ते सगळं त्यानंच बनवलं. मी हात बी नाई लावला."

मला वाटलं, आता यांना लाज वाटेल. मी पुस्तकं फार वाचली आहेत; त्यांत अशा प्रसंगी लोकांना लाज वाटते. अध्यक्ष प्रसन्न हसले. "बघा! प्रशिक्षणाचा केवढा उपयोग होतोय! मग तर अजून एक वर्ष द्यायलाच हवं." आणि त्यांनी आणखी रस्सा मागितला.

हात धुताना समितीच्या सचिवांनी मला खरं कारण सांगितलं, अगदी मित्रत्वानं. विलास कायम झाला की तो योजनेतून जाणार. दुसरा कोणी मिळत नाही. मग पुढच्या वर्षी स्टेजवर बसवायचं कोणाला? हे मी जाऊन हवालदारांना सांगितलं. ते भांडं घासत होते. मग म्हणाले, "शिकाऊ रंगरूट बी एक दिवस जवान बनते. समितीवाल्यायले याच्या बापाची शहादत पाह्यजे, याचं काम नाई पाह्यजे."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी ट्रेनिंग बंद केलं. शिकवायचं काही उरलं नाही, आता याला पगारावर घ्या, असं समितीला कळवलं आणि किचनला आतून कडी लावली. पण विलासला समिती, ठराव, निषेध यांतलं काही ठाऊक नव्हतं. तो पहाटे आला आणि दाराबाहेर उभा राहिला. दुपारपर्यंत तसाच. सुनंदाबाईंनी ओढून घरी नेलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा आला, आणि या वेळी दारावर कपाळ आपटू लागला. हवालदार आत कांदे चिरत होते, मी त्यांच्याजवळ उभा होतो. आवाज त्यांना ऐकू येत होता, मलाही येत होता. शेवटी त्यांनी सुरी ठेवली आणि कडी काढली. "विलास, कांदा," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे कांद्यानं लाल झाले होते असं मी धरून चालतो. "फौजीत मी हुकूम नाई मानला तं सजा मले भेटे. इथी ती याले भेटते. यायले मालूम होतं बाबू, मी दार उघडन म्हनून."

समितीला ते खरोखरच माहीत होतं. कळवल्याचं उत्तर कधी आलं नाही. प्रशिक्षण दर वर्षी वाढत गेलं, विलास दर सकाळी शंभर माणसांचा स्वयंपाक करत गेला, आणि शिकाऊच राहिला.

काही वर्षांनी हवालदारांचं हृदय बिघडलं. इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा सुनंदाबाई उशाशी बसल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, चाचा, राग सोडा, जिवाला बरं नाही. हवालदार म्हणाले, "सोडतो ना. त्या पोराले कायम करा, मंग सोडतो." विलासच्या आधी त्यांचाच नंबर लागला.

शोकसभा वसतिगृहात, समारंभ झाला होता त्याच हॉलमध्ये झाली. सुनंदाबाईंना वीरपत्नी म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. इतक्या वर्षांत ती जागा त्यांची ठरून गेली होती, आणि तिथून कधी कोणी त्यांना बोलायला उठवलं नव्हतं. अध्यक्ष छान बोलले. युनूसभाई म्हणजे सेवा, त्याग, समर्पण. शेवटी आवाज हलका करून म्हणाले, "आणि जाताना ते अगदी शांतपणे, समाधानानं गेले."

"नाई साहेब," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी होती तिथी. ते रागात गेले. आन माहा विलास उद्या पहाटे येऊन इथी उभा राहीन. दार कोन उघडन, तेवढं सांगा."

अध्यक्षांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणं यानंतर दोन मिनिटं शांतता पाळायची होती. ती केव्हाच सुरू झाली होती.