चालत आलेला धा

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा माझ्या एका खोलीच्या स्टुडिओला बरे दिवस आले. प्रत्येक क्लासवाल्याला जाहिरात हवी असायची. ऑटोला भोंगा बांधून ती दिवसभर गल्लोगल्ली फिरायची आणि गुणवंतांच्या नावांमागे ढोलकी वाजायलाच हवी.

ढोलकी म्हणजे आमच्या गल्लीतले चाचा. मूळचे नांदेडचे, लग्नानंतर इथलेच झाले. भूकंपाच्या पहाटे ते किल्लारीकडच्या एका खेड्यात मुक्कामाला होते, तिथं भिंतीखाली उजवा हात सापडला. हाड जुळलं, पण तालाची चार आवर्तनं झाली की बोटं बधिर व्हायची. तेव्हापासून त्यांनी एकही गाणं अख्खं वाजवलं नव्हतं, आणि त्यावर कुणी हळहळलं की त्यांचं डोकं फिरायचं.

म्हणून मी जरा भीतभीतच म्हणालो, "चाचा, केरव्याच्या आठ मात्रांचं एकच आवर्तन द्या. कम्प्युटर तेच पुन्हा पुन्हा फिरवतो."

"एकच? मग जीव लावून वाजवतो की!"

त्यांनी वाजवलं आणि मी दुपारभर त्याचा लूप करत बसलो. पडद्यावर आवाजाची रेघ मधल्या आडव्या रेषेला टेकते तिथंच कापायचं, नाहीतर जोडावर 'टक' वाजतं. टक गेलं, तरी लूप दर फेरीला ठेचकाळायचा. मी केसभर इकडं कापलं, केसभर तिकडं कापलं, सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. चाचा मागं चहा पीत गालातल्या गालात हसत होते.

"बेटा, मोज की जरा."

मोजल्या तर आठाच्या जागी नऊ मात्रा! सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि समेवर आल्याशिवाय हात उचलायचा नाही हा चाचांचा रिवाज. आवर्तन संपवून त्यांनी पुढच्या समेचा धा वाजवला होता, आणि मी तो अदबीनं जपून ठेवला होता. त्यामुळे फेरी फिरली की धा वर धा पडत होता. इतकी वर्षं ताल ऐकून माझी ही अक्कल! मी शेवटचा धा पुसायला निघालो, तर चाचा ओरडलेच.

"ओ, त्यो नको! पयला काढ. पयला थंडा हाय, बसल्या जागेवरनं उठलेला. शेवटचा चालत आलाय."

तसं केलं. शेवटच्या धा मध्ये आधीच्या बोलांची घुमक मिसळलेली होती. त्यामुळे जोड कुठं आहे ते मलाच सापडेना. ढोलकी दहा मिनिटं अखंड चालली आणि चाचा लहान मुलासारखे मान डोलवत ऐकत राहिले. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

आठवड्यानं चाची खिरीचा डबा घेऊन स्टुडिओत आल्या. चाचांनी घरी सांगितलं होतं म्हणे, हात मोकळा झाला, न थांबता वाजवलं. आणि तो ऑटो तर रोज त्यांच्या दारावरनंच जायचा. मी खाली मान घालून म्हणालो, "हाव चाची, लई मस्त वाजवलं त्यांनी."

चाचींनी डबा टेबलावर ठेवला.

"लग्नापासून ऐकून राहिले मी त्यांना. दोनदा एकसारखं कधी वाजवलं न्हाई त्यांनी."

कुठं तोंड लपवू असं झालं मला. चाची दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"जोडकाम चांगलं हाय तुझं. पण मला कळलंय म्हणून त्यांना सांगू नको."