मंगेश बसने जातच नव्हता

“बसमध्ये हरवला असं लिहून द्यायला सांगा त्याला,” साठ्ये सर म्हणाले आणि पुन्हा लॅपटॉपकडे बघायला लागले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

“पण सर, तो बसमध्ये हरवलेलाच नाही,” मी म्हणाले.

“जोगळेकर मॅडम, कुठे हरवला याच्याशी तिथल्या पोलिसांना काही देणंघेणं नसतं. त्यांना एक कागद लागतो. तो द्यायचा.”

हे बोलणं खराडीतल्या आमच्या ऑफिसात, त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये झालं. तेव्हा त्या खिडकीतून ज्वारीचं शेत दिसायचं. आता तिथे टॉवर आहेत. आमची कंपनी सॉफ्टवेअरची, पण मी सॉफ्टवेअरमधली नाही. मी ट्रॅव्हल डेस्क सांभाळायचे. म्हणजे इंजिनिअर परदेशी निघाला की त्याचा व्हिसा, तिकीट, तिथे राहायची परवानगी आणि ती संपत आली की मुदतवाढ, हे सगळं माझ्याकडे. साठ्ये सर डिलिव्हरी हेड होते. कोण जाणार आणि कधी परत येणार, हे ते ठरवायचे.

हरवला होता तो मंगेश वानखडे या आमच्या इंजिनिअरचा पासपोर्ट, आणि त्याच पाकिटात असलेलं त्याचं रेसिडन्स परमिट. लोक या दोन्हींत गल्लत करतात म्हणून सांगते. पासपोर्ट आपलं सरकार देतं. तुम्ही कोण आहात ते त्यात असतं. परमिट त्या देशाचं सरकार देतं. तुम्ही तिथे का आणि कुठवर राहू शकता ते त्यावर असतं. पासपोर्ट नसेल तर देशाबाहेर पडता येत नाही आणि परमिट नसेल तर बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही. मंगेशकडे दोन्ही नव्हतं. तो युरोपातल्या एका देशात होता. नाव सांगत नाही, कारण त्या देशाचा यात काही दोष नव्हता.

दोष आमचा होता. त्या काळात पुण्याच्या पोराला परदेशात सहा महिने झाले की दुसरी कंपनी जास्त पगार दाखवून त्याला उचलायची. त्यावर आमच्या लोकांनी तोडगा काढला होता. पोरगा तिकडे पोचला की साइट मॅनेजर त्याचा पासपोर्ट मागून घ्यायचा आणि ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. याला नाव होतं सेफ कस्टडी. मी दोनदा मेल करून हे बरोबर नाही असं कळवलं होतं. दोन्ही वेळा मला ‘नोटेड’ असं एका शब्दाचं उत्तर आलं.

मंगेशचं पाकीट तर कपाटातही नव्हतं. त्याचं परमिट नुकतंच नवं होऊन आलं होतं, ते बघायला म्हणून मॅनेजरने पाकीट काढलं आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकलं. मग ऑफिस हललं. जुनं फर्निचर भाड्याचं होतं. टेबलं ज्याची त्याने उचलून नेली. त्यांतलं एक टेबल मंगेशला पोटात घेऊन कुठल्या गोडाऊनमध्ये गेलं, ते त्या फर्निचरवाल्यालाही सांगता येईना.

हे कळायलाही वेळ लागला, कारण पाकीट मागायची मंगेशला आधी गरज पडली नव्हती. आता पडली होती. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. वडील नव्हते. भाऊ हा एकच.

दुपारी मी त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मंगेश वर्ध्याजवळच्या एका गावचा, पुण्यात इंजिनिअरिंग केलेला. शिकत असताना कात्रजला एका खोलीत पाच जण राहायचे, हे त्यानेच मला व्हिसाचा फॉर्म भरताना सांगितलं होतं. आवाज नेहमी हळू. त्या दिवशी तर ऐकूच येईना.

“मॅनेजर साहेबांनी सांगितलं जी मॅडम, बसमध्ये हरवला असं लिहून दे म्हणून. देतो लिहून. नाही कसं म्हणू?”

“अहो मंगेश, तुम्ही रोज बसने जाता का ऑफिसला?”

“नाही जी. ऑफिसच्या मागंच राहतो. पायीच जातो.”

“मग पोलिसांनी विचारलं कुठली बस, कुठून बसलात, तर काय सांगणार?”

 तो म्हणाला, “मला तर इथं बसचं तिकीट कसं काढतात ते बी माहीत नाही.”

मला हसू आलं आणि रागही आला. राग जास्त आला. ज्याने तिथे कधी बसचं तिकीट काढलं नाही त्याला आम्ही परक्या देशात पोलिसांसमोर खोटं बोलायला पाठवत होतो. पकडला गेला असता तर साठ्ये सर काही तिथे जाऊन उभे राहिले नसते.

“लग्नाला मी पाहिजेच मॅडम,” तो म्हणाला. “नवरदेवाचा कान पिळायला दुसरं कोणी नाही.”

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. गंमतच असते, पण त्यातून ‘बहिणीच्या पाठीशी मी आहे’ हे चार लोकांत सांगायचं असतं. माझ्या लग्नात माझ्या भावाने इतक्या जोरात पिळला होता की सासरचे अजून ते बोलून दाखवतात.

मी मंगेशला म्हटलं, मी सांगेपर्यंत कुठेही काही लिहून देऊ नका. मग तिथल्या इमिग्रेशन ऑफिसला फोन केला. एक बाई होत्या. त्यांचं इंग्रजी सावकाश, माझंही तसंच, त्यामुळे बरं जमलं. त्यांनी सांगितलं, परमिट बसमध्ये हरवलं असेल तर आधी बस कंपनीची हरवलेल्या वस्तूंची कचेरी शोध घेणार. सापडलं नाही असा त्यांचा दाखला आला की मगच डुप्लिकेटचा अर्ज घेतला जाणार. याला काही आठवडे सहज जातात.

“आणि मालकाच्या ऑफिसातून हरवलं असेल तर?” मी विचारलं.

“तर मालकाचं तसं पत्र आणा. शोधायचा प्रश्नच नाही.” मग थांबून म्हणाल्या, “पण कामगाराचा पासपोर्ट मालकाकडे कसा? आमच्याकडे तसं चालत नाही.”

म्हणजे बस कुठून आली ते मला कळलं. ती मंगेशसाठी नव्हती. कंपनीला वाचवायला होती, आणि तिच्यापायी लग्न बुडणार होतं.

मी परत केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. साठ्ये सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते कधी आवाज चढवत नसत.

“असं पत्र देता येणार नाही. उद्या ते आपले सगळे व्हिसा अडवतील.”

“मग मंगेशने काय करायचं, सर?”

“लग्न बहिणीचंच आहे ना? त्याचं स्वतःचं थोडीच आहे. व्हिडिओ मागवून घेईल.”

मी त्या माणसाच्या हाताखाली सात-आठ वर्षं काढली होती. हुशार माणूस. दिवाळीला आठवणीने सगळ्यांना चिवड्याचा पुडा द्यायचा. पण त्या एका वाक्याने माझ्या मनातून तो जो उतरला तो उतरलाच. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले. बरं म्हणजे हो नव्हे. जुन्या पुण्यात, कसब्यात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. साठ्ये सर डेक्कनचे, त्यांना तो कळला नाही.

आता जरा आमच्या कामाची एक बाजू सांगते. परदेशी सरकारांना आणि वकिलातींना कंपनीकडून जी पत्रं जातात त्यांवर कुणाचीही सही चालत नाही. कंपनीने आधी कळवावं लागतं की अमुक माणसाची सही म्हणजे कंपनीची सही. त्याला ऑथराइज्ड सिग्नेटरी म्हणतात. पूर्वी आमच्याकडे ते साठ्ये सर होते. पण एकेका व्हिसाला ढीगभर सह्या, आणि त्यांना सह्यांचा भारी कंटाळा. मीटिंगमध्ये मी फाइल घेऊन गेले की त्यांच्या कपाळावर आठ्या. शेवटी त्यांनीच वरून मंजुरी आणून माझी सही सगळीकडे नोंदवली. त्या देशातही. तेव्हा मला म्हणाले होते, “आता प्रत्येक पत्राला मला विचारत बसू नका.”

मी विचारत बसले नाही.

लेटरहेड घेतलं आणि टाइप केलं: मंगेश वानखडे यांचा पासपोर्ट व रेसिडन्स परमिट कंपनीच्या ताब्यात होते. कार्यालय हलवताना ते कंपनीकडून गहाळ झाले. यात त्यांची कोणतीही चूक नाही. सही केली, शिक्का मारला. तो जरा जोरातच बसला. फॅक्स गेल्याचा कागद मशीनमधून बाहेर येईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग पत्राची एक प्रत घेऊन स्वतः केबिनमध्ये गेले. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

“हे काय आहे?” साठ्ये सरांनी विचारलं.

“मंगेशचं पत्र. पाठवलं.”

त्यांनी ते दोनदा वाचलं. “कुणाला विचारून?”

“आपणच सांगितलं होतं, विचारत बसू नका म्हणून.”

“मॅडम, हे आत्ताच्या आत्ता मागे घ्या. चुकून गेलं असं लिहा.”

“लिहिते की. फक्त यातलं कुठलं वाक्य चूक आहे तेवढं दाखवा.”

त्यांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं. मी उभीच राहिले. बाहेरच्या दोघातिघांनी काचेतून आमच्याकडे बघितलं आणि लगेच आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत, जन्माचा सावध माणूस. म्हणाला, “नोकरी गेली तर?” मी म्हटलं, “तर दुसरी बघीन. मंगेशच्या पाकिटासारखी टेबलासकट तर जाणार नाही ना?”

इकडे मंगेशवर दबाव आला. मॅनेजरने त्याला गाठून सांगितलं, मॅडमच्या पत्राचं सोड, तू पोलिसांत बसचंच सांग, नाहीतर प्रोजेक्टवरून काढीन. दुसऱ्या दिवशी दुपारी मंगेशचा फोन आला. मला वाटलं, हा आता माघार घेणार. घेतली असती तर मी त्याला बोल लावला नसता. त्याच्या डोक्यावर घराचा भार होता.

“मॅडम, पोलीस स्टेशनला जाऊन आलो,” तो म्हणाला. या वेळी आवाज स्वच्छ ऐकू आला. “मी बसने जातच नाही असं सांगितलं. टेबलाचं सांगितलं. मॅनेजर साहेबांचं नाव बी सांगितलं.”

पुढचं काम माझ्या सवयीचं होतं. आपल्या वकिलातीत नव्या पासपोर्टचा अर्ज गेला. इमिग्रेशन ऑफिसच्या बाईंनी लवकर जायचं कारण कागदावर मागितलं, तेव्हा मी लग्नपत्रिकेचं इंग्रजी करून पाठवलं. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ याचं इंग्रजी करताना घाम फुटला, पण केलं. पत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून पहिलंच नाव मंगेशचं होतं. त्या बाईंचा फोन आला. “म्हणजे हा पाहुणा नाही, यजमानच आहे?” मी हो म्हटलं. “मग त्याच्याशिवाय कसं होईल?” त्या म्हणाल्या. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या बाईला जे एका फोनवर समजलं ते खराडीत समजलं नव्हतं.

मंगेश हळदीच्या दिवशी सकाळी वर्ध्याला उतरला.

कंपनीला तिथल्या सरकारचं कडक पत्र आलं. व्हिसा कुणाचे अडले नाहीत, पण सगळ्यांचे पासपोर्ट ज्याचे त्याला परत द्यावे लागले. त्यानंतर दोन इंजिनिअर दुसऱ्या कंपनीत गेले. ते तसेही जाणारच होते. मॅनेजरला परत बोलावलं. मला काढता आलं नाही, कारण पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून माझी बदली केली ट्रान्सपोर्टला. म्हणजे कात्रज ते खराडी कंपनीच्या गाड्या कुठे थांबणार आणि कुणाची कशी चुकली, हे बघायचं. साठ्ये सरांना वाटलं, मी राजीनामा देईन. मी रूट नीट लावले. निवृत्त होईपर्यंत लावत होते.

सुट्टी संपवून परत जाण्याआधी मंगेश पुण्यात येऊन माझ्या नव्या टेबलापाशी उभा राहिला. बरोबर लग्नाचा एक फोटो. त्यात नवरदेवाने डोळे गच्च मिटलेत, बहीण हसतेय आणि मंगेशने कान असा पिळलाय की इतका हळू बोलणारा माणूस हाच का, असं वाटावं. “तुमच्यासाठी आणला,” एवढंच म्हणाला. मी त्याचा पासपोर्ट कुठे आहे ते विचारलं. त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

तो फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला. खणात काही ठेवायची सवय मी तेव्हापासून मोडली होती.

माझी सही त्यांनी सगळीकडून रद्द करवली. ती पुन्हा साठ्ये सरांकडे गेली. गाड्यांचा तक्ता लावायला मी त्यांच्या मजल्यावर जायचे तेव्हा काचेतून दिसायचे. समोर व्हिसाच्या फायलींचा ढीग, कपाळावर त्याच आठ्या, आणि आता प्रत्येक पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही. नोकरीत मी एवढंच शिकले. पासपोर्ट ज्याचा त्याच्या खिशात असावा, आणि साहेबांनी आपली सही आपणच करावी.