बोरीखालचे तीन तास

आमदारांच्या ऑफिसात बारा वर्षं मी एकच काम करतेय. लोकांचं रडगाणं सरकारी मराठीत उतरवायचं. माणूस येतो, बाकावर बसतो, तासभर बोलतो आणि त्यातून मी चार ओळी काढते. अधिवेशन जवळ आलं की त्याच ओळींचा प्रश्न होतो. प्रश्नाची शेपूट ठरलेली असते, ‘हे खरे आहे काय?’ त्याखाली मग ‘असल्यास’ करत तीन-चार उपप्रश्न. सरकारनं पहिल्यालाच ‘हे खरे नाही’ म्हटलं की खालच्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर येतं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आमच्या आमदारांना सगळे नाना म्हणतात, मीपण. मतदारसंघ कोणता ते सांगत नाही, खानदेशातला आहे एवढं पुरे. नाहीतर उगाच कोणीतरी फोन करून डोकं खाईल. नानांना एकाच गोष्टीचं वेड होतं. प्रत्येक गावात सगळ्या जातींना मिळून एकच स्मशान हवं आणि तिथं जाणारी वाट सातबाऱ्यावर हवी. त्यासाठी त्यांनी स्वतःचं विधेयकही तयार केलं होतं. बाकीचे आमदार चेष्टा करायचे, “नाना, आधी जिवंत मतदारांचं बघा.” नाना म्हणायचे, “मेलेल्याला अर्ज करता येत नाही ना भाऊ, म्हणून मी करतो.”

अक्का दर बाजाराच्या दिवशी यायची. बौद्ध वस्तीतली, सत्तरी ओलांडलेली, काटकुळी. दारातूनच “जयभीम” म्हणायची, माठातलं पाणी प्यायची आणि बाकाच्या कडेला टेकायची. त्यांच्या वस्तीचं स्मशान नाल्यापलीकडं. वाट एका शेतातून जायची. तिची सासू, सासरा, नवरा सगळे त्याच वाटेनं गेलेले. पण ती वाट कागदावर कुठंच नव्हती. शेत विकलं गेलं आणि नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून वस्तीतलं कोणी वारलं नव्हतं, आणि पुढची पाळी आपली, हे अक्काला पक्कं ठाऊक होतं.

“माले कोठून नेतीन, माय?” ती विचारायची. हसत विचारायची, तेच मला सोसायचं नाही.

“होईल अक्का, होईल,” मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

जानेवारीत अर्थसंकल्पीय अधिवेशनाचे प्रश्न पाठवायचे होते. अक्काच्या वाटेचा प्रश्न आधी एकदा ‘मोघम स्वरूपाचा’ म्हणून परत आलेला. घडलेली घटना हवी असते ना! कुंपण घातलं ही काय घटना झाली? माझं डोकं फिरलं. नाना सही केलेला कोरा कागद माझ्याकडं ठेवून दौऱ्यावर गेले होते, मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी पेन उचललं आणि एक घटना घडवून टाकली. ‘वाट बंद असल्याने एका वृद्ध महिलेचा मृतदेह भर दुपारी बोरीच्या झाडाखाली तीन तास ठेवून द्यावा लागला, हे खरे आहे काय?’ ते गाव मी तोवर पाहिलेलं नव्हतं. बोर माझ्या माहेरच्या बांधावरची. तीन तास का लिहिले, तर एक तास लिहिला असता तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

अक्का तेव्हा बाकावरच होती. मला वाटलं, वाचून दाखवावं, तिला बरं वाटेल. तिनं डोळे मिटून ऐकलं.

“ही तं मीच शे,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय अक्का! ही दुसरी कोणीतरी.”

“वस्तीत दुसरं कोन शे म्हातारं?” ती उठली आणि पदर सावरला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “फिकीर नको करू. मी खरं करी देसू.”

वेडी म्हातारी, असं म्हणून मी पाकीट चिकटवलं.

मार्चमध्ये उत्तर आलं. चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याला अशी कोणी मयत बाई सापडली नाही. कशी सापडणार? ‘हे खरे नाही.’ खाली वाट, कुंपण, नोंद, सगळं खरं होतं, पण त्या सगळ्याला मिळून ‘प्रश्न उद्भवत नाही.’ नानांनी मला समोर उभं केलं आणि विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “एका वाक्यापायी तू तिची वाट बुडवलीस गं.”

त्यानंतर अक्का बाजाराला आली नाही. निरोप पाठवायचं धाडस मला झालं नाही.

मेमध्ये एका दुपारी वस्तीतून फोन आला. नाना आणि मी निघालो. मेमधली आमच्याकडची दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, पाखराचा आवाज नाही. गावातली सगळी दारं लावलेली, आणि प्रत्येक दारामागं कोणीतरी जागं आहे असं सारखं वाटत होतं. वस्ती ओलांडून बांधावर आलो आणि माझे पाय तिथंच थांबले.

बोर होती. अख्ख्या शिवारात तेवढं एकच झाड. त्याच्या फाटक्या सावलीत तिरडी ठेवलेली, पांढऱ्या कपड्यात अक्का. पुढं तार, तारेच्या फाटकाला कुलूप. मालक म्हणे बाहेरगावी.

वस्तीतली माणसं गोल करून बसली होती. त्यांची बुद्धवंदना म्हणून झाली होती. अक्काची सून मला बघून सरकली आणि जागा दिली. “त्या बोल्या व्हत्या, ऑफिसमधली ताई यी,” ती म्हणाली. “बोल्या, तिले बोरखाले बसाडा.”

मी बसले.

“कधीपासून इथं आहात?” मी विचारलं. “बारा वाजेपासून,” कोणीतरी म्हणालं. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

नाना तहसीलदारांना फोन लावत होते, हात जोडत होते, शिव्या घालत होते. फोन लागत नव्हता. लागला तर साहेब मीटिंगमध्ये. गाडी निघाली तर वाटेत बंद पडली. प्रत्येक वेळी सगळे आशेनं माना वर करायचे, आणि मला मात्र आतून माहीत होतं की तीनच्या आत काही होणार नाही. मी कोणाला बोलले नाही. काय बोलणार? की हे मी जानेवारीत लिहून ठेवलंय? सावली सरकली तशी दोघांनी उठून तिरडी सरकवली. अक्काच्या चेहऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून मी माझी ओढणी धरून बसले. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत.

तीन वाजता तलाठी पोचले, कुलूप तुटलं आणि अक्का तिच्या वाटेनं गेली.

पावसाळी अधिवेशनासाठी नानांनी तोच प्रश्न पुन्हा मागितला. मी जुना कागद काढला. तारीख घातली. बाकी एक अक्षर बदलावं लागलं नाही. नानांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. सभागृहात ते त्यावर असे बोलले की समोरचे बाक गप्प झाले, असं ऐकलं. लेखी उत्तर आलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ कोणता अंश, ते लिहिलेलं नव्हतं. पण वाट सातबाऱ्यावर चढली. आता तिथं मुरूम टाकलाय. नानांचं विधेयक अजून पडूनच आहे आणि नाना अजून दर अधिवेशनात ते काढतात.

गावोगावचे लोक तसलेच अर्ज घेऊन येतात. घटना नसेल तर मी ती जागा रिकामी सोडते. प्रश्न परत आला तर पुन्हा पाठवते, पुन्हा परत आला तर पुन्हा.

अक्काला वर्ष झालं तेव्हा तिची सून मला पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्याकडच्या स्मरणविधीला, बोलावून गेली. जेवताना म्हणाली, “सासूबाईंचं काम तुम्ही केलं.” जानेवारीत मी एक तास लिहिलं असतं, तर अक्का उन्हात एकच तास राहिली असती का? हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. मीच विचारते, बाजाराच्या दिवशी, तो बाक रिकामा असला की. आणि प्रश्न उद्भवत नाही, असं मला म्हणता येत नाही.