होडीच्या हुडावर माझं नाव

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा, पण चहा सांडू नका! आयुष्यात माती मी पुष्कळ वेळा खाल्ली, पण पाण्याच्या काठावर उभं राहून खाल्ली ती एकदाच. तीही स्वतःच्या नाव-गाव-पत्त्यासकट!

मी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीचा. आमच्याकडे पाणी ही घागरीनं मोजायची वस्तू. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मला कोयनानगरला धरणाच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी लागली. बघतो तर काय, डोंगराला डोंगर लागलेत आणि मधे सगळं पाणीच! पहिले आठ दिवस मी नुसता काठावर उभा राहून बघत होतो. आत पाय घालायची छाती तेव्हा झाली नाही, आजही नाही.

कॉलनीत एक मेजरसाहेब होते. फौजेतून निवृत्त झालेले, सहा फुटांच्या वर उंच. त्यांनी दोन वर्षं खपून स्वतःच्या हातांनी एक लहानशी शिडाची होडी बांधली होती. मागच्या बाजूला दोघं बसतील एवढा खळगा, त्यात बाक आणि हाताशी सुकाणूचा दांडा. रविवारी साहेब शीड उभारून निघाले की सगळी कॉलनी काठावर जमायची.

फक्त त्यांच्या बाईसाहेब यायच्या नाहीत. त्यांना वारा बाधायचा, कान ठणकायचे. आणि कोयनेच्या पावसाचा काय भरवसा? शेवटी त्यांनी निकाल देऊन टाकला, "दसऱ्याला मी एकदा बसेन. भिजले, नाहीतर कानात वारं गेलं, तर होडी विकायची. मला रविवारी घरात नवरा पाहिजे."

साहेबांनी लढाया पाहिल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा मला बघवेना. मी बोलून गेलो, "साहेब, बसायच्या जागेवर जीपसारखा हूड बसवू. कापडाचा, चारी बाजूंनी बंद होणारा. सांगलीत माझ्या ओळखीचा कारागीर आहे."

ओळखीचा कसला हो! एसटीच्या खिडकीतून एकदा त्याची पाटी वाचली होती, तेवढीच ओळख.

सांगलीत हळदीच्या पेठेकडं जाणाऱ्या रस्त्यावर बाबालाल मिस्त्रींचं दुकान होतं. ट्रकच्या ताडपत्र्या, जीपचे हूड, सगळं तिथं शिवलं जायचं. म्हातारा माणूस, नाकावर चष्मा, कानावर खडू. मी ऐटीत माझा नकाशा पसरला. बाकाची उंची, खळग्याची लांबी, शिडाचा आडवा दांडा वरून कुठून फिरतो, सगळं इंचाइंचानं लिहिलेलं.

मिस्त्रींनी पाच मिनिटं मन लावून पाहिला. "चित्र झ्याक काडलंय. पन मी नुसत्या कागदावर कातर चालवत न्हाई. गाडी आना."

"गाडी नाही मिस्त्री, होडी आहे. एसटीच्या टपावर मावत नाही!"

"मग मालकाला आना. मानूस बसवून माप घेतल्याबिगर मी कापडाला हात लावत न्हाई. गाडीला काय, कसलाबी हूड बसंल. आतल्या मानसाला बसाय पायजे."

आता सांगा, इथं खरं बोलायला काय झालं होतं? पण दुकानात चार-पाच ट्रकवाले चहा पीत बसलेले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यातला एक डोळे मोठे करून म्हणाला, "आयला! सोताची होडी हाय व्हय?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "हो. माझीच."

काय मान मिळाला म्हणून सांगू! लगेच एकानं खुर्ची सोडली. दुसऱ्यानं चहा सांगितला, तोही स्पेशल.

मिस्त्रींनी विचारलं, "पवाय येत आसंल मालकास्नी?"

"म्हणजे काय! लहानपणापासून."

"कुटं शिकला?"

"आमच्या माणगंगेत!"

माणगंगेला वर्षातून आठ-दहा दिवस पाणी असतं. बाकीचे दिवस आम्ही तिच्यात क्रिकेट खेळायचो. पण हे सांगलीत कुणाला माहीत असणार, असं मी धरून चाललो.

मिस्त्रींनी नकाशात बघून बाकाच्या उंचीएवढ्या विटा रचल्या, वर फळी टाकली. "बसा मालक."

मी बसलो. माझी उंची तुम्ही बघताच आहात. पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबायला लागले.

"पाय लोंबत्यात, मालक."

"होडीत पाय असेच ठेवतात," मी म्हणालो.

"आसंल आसंल. आता सुकानू धरा बगू."

मी दोन्ही हात पुढं करून गोल चाक धरल्यासारखे धरले. सुकाणूचा दांडा एका हातानं धरतात, हे मी नकाशात स्वतः काढलं होतं! पण काढणं वेगळं आणि धरणं वेगळं. मिस्त्री माझ्या डोक्यापासून, कोपरापासून टेप लावत, खडूनं आकडे मांडत राहिले.

"जोडीला कोन बसनार?"

"आमची मंडळी. माझ्याएवढीच आहे." तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं!

"आन् नाव काय घालायचं? नावाबिगर हूड मी दुकानाभाईर सोडत न्हाई."

स्पेशल चहा होडीमालक म्हणून प्यायलेला. आता दुसऱ्याचं नाव कुठल्या तोंडानं सांगू? सांगितलं आपलंच, गावासकट. मनात म्हटलं, हूड न्यायला येईन आणि वाटेत कराडला थांबून अक्षरं उसवून टाकीन.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "हूड न्यायला येऊ नगा. दसऱ्याला मी सोता येऊन चढवनार."

झाली का पंचाईत?

दसऱ्याच्या दिवशी मी सकाळपासून एसटी स्टँडवर पहारा देत होतो. म्हटलं, मिस्त्रींना आधी गाठून पाया पडून सगळं सांगू. नेमका चहाला वळलो आणि तेवढ्यात गाडी येऊन गेली. काठावर धापा टाकत पोचलो, तर मिस्त्री गठडी सोडत बसलेले, शेजारी मेजरसाहेब, बाईसाहेब आणि निम्मी कॉलनी.

"आलं बगा मालक!" मिस्त्री मला बघून म्हणाले.

साहेबांनी मागं वळून पाहिलं. मागं मीच होतो.

पण खरं सांगतो, पुढचा अर्धा तास मी माझी भीती विसरलो. काय ते काम! पाइपच्या कमानी खळग्यावर अशा उभ्या राहिल्या की जणू होडीबरोबरच जन्मल्या होत्या. खाकी कापड, दुहेरी शिवण, मेण लावलेला दोरा. समोर आणि बाजूंना जाड पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या, गुंडाळून वर बांधता येतील अशा. शिडाचा दांडा साहेबांनी फिरवून पाहिला, तर तो हुडावरून हातभर अंतरानं अलगद निघून गेला. होडी न बघता! असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही.

मग मिस्त्रींनी बाजूचं कापड ताणलं. लाल रेक्झिनची वीतभर अक्षरं. बाईसाहेबांनी मोठ्यानं वाचलं, "श्री. धोंडीराम यशवंत जाधव, मुक्काम पोस्ट दहिवडी." मग थांबून म्हणाल्या, "अहो, होडीवर धोंडा?"

साहेब शांतपणे म्हणाले, "जाधव, होडी कधी घेतलीस?"

कोयनानगरात एरवी अधूनमधून जमीन हलायची. त्या दिवशी मेली हलली नाही!

आणि खरी आफत पुढंच होती. बाईसाहेब आत बसल्या, तो त्यांना हूड अगदी बरोब्बर. साहेब बसले, तर डोकं छताला टेकलं, मान वाकडी, खिडकी हनुवटीखाली. असं बसून होडी चालवायची कशी? समोरच्या डोंगरावरून पाऊस उतरताना दिसत होता. साहेब बाहेर आले आणि होडीवरून हात फिरवत म्हणाले, "ठीक आहे. विकू." मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. माझ्या फुकटच्या ऐटीपायी त्या माणसाची दोन वर्षं बुडाली होती.

"जरा सरा, साहेब," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी हुडाची खालची कड उलटी केली. आत चहूबाजूंनी नऊ इंच कापड दुमडून ठेवलेलं! कच्चा टाका ओढला, तसं ते सुळकन खाली आलं. कमानींच्या पाइपात आणखी एक पाइप होता. तो वर ओढून खिळी घातली. साहेब पुन्हा आत बसले. ताठ! वरून शिडाचा दांडा फिरवला, तर वीतभर जागा अजून मोकळी.

"वाढत्या अंगाचं शिवलंय," मिस्त्री म्हणाले.

शीड उभं राहिलं. होडी निघाली आणि पाऊस आलाच. आम्ही काठावर चिंब भिजत उभे. तासाभरानं होडी परतली. बाईसाहेब उतरल्या, तर डोक्यातल्या गजऱ्यावर थेंब नाही! साहेबांना म्हणाल्या, "रविवारी जरा लवकर निघू." आणि मग माझ्याकडं बघून, "ते नाव मात्र तसंच राहू दे हं. कॉलनीला करमणूक."

मिस्त्रींना एसटीवर सोडायला गेलो. धीर करून विचारलं, "होडी माझी नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"फळीवर बसला तवाच. मालकाचं पाय लोंबत्यात व्हय? आन् सुकानू टरकाच्या स्टेरिंगवानी धरलावता."

"मग माझं नाव कशाला घातलंत हो?"

गाडीची पायरी चढता चढता मिस्त्री वळले. "आवं, उन्हाळ्यात आमी माणगंगेच्या वाळूतनंच म्हसवडला जातो. माणगंगेत पवाय शिकल्याला मानूस जलमात पयल्यांदा बगितला. त्याचं नाव कुटंतरी लिवून ठेवाय नगं?"