अॅल्युमिनियमचं रिव्हॉल्वर किती गोळ्या सोसतं

जर्मनीत येऊन सहा वर्षं झाली तरी अरुंधती बेहेरे यांचं जर्मन बेकरीच्या काउंटरपलीकडे गेलं नव्हतं. नवरा पद्माकर वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात, टिकाऊपणा तपासायच्या विभागात. गाडीचं दार यंत्राकडून लाख वेळा आपटून घ्यायचं आणि बिजागरीचं काय झालं ते लिहायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग.

भाषेच्या वर्गातल्या बाई एकदा अरुंधतीबाईंना म्हणाल्या, "पुस्तक मिटा आणि एखाद्या फेराइनमध्ये जा. माणसं मंडळात बोलतात, पुस्तकात नाही."

गावातल्या गायनमंडळात जागा नव्हती. जिम्नॅस्टिक्सच्या वेळी गाडी पद्माकरांकडे असे. घरापासून चालत जाण्यासारखं उरलं ते नेमबाजांचं मंडळ. २००४च्या सप्टेंबरात एका गुरुवारी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसवर स्वेटर चढवून अरुंधतीबाई तिथे दाखल झाल्या.

हत्यारांचं कपाट डेटमर नावाचे गृहस्थ सांभाळत. ते निवृत्त प्लंबर. त्यांनी आधी नियम सांगितले, मग एअर रायफल दिली आणि महिन्याभरानं पोलादी रिव्हॉल्वर. ते इतकं जड की दोनदा उचलल्यावर बाईंनी ते खाली ठेवलं. मग त्यांचं लक्ष कपाटाच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या रिव्हॉल्वरकडे गेलं. मंडळाच्या एका दिवंगत सभासदाचं ते. सांगाडा अॅल्युमिनियमचा, गोळ्या पाच, वजन अर्ध्या किलोच्या आत.

"हे चालेल," बाई म्हणाल्या.

"हे खिशात बाळगायचं, फ्राउ बेहेरे," डेटमर एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "सरावाचं नाही. अंग हलकं, म्हणून धक्का मोठा. रोज झाडलं तर तडकेल."

बाईंनी मनात वाक्य जुळवलं. "वापरलं की मोडतं, ते कपाटात कशाला?"

डेटमरांनी कपाटात हात घातला. त्यांनी रिव्हॉल्वर दिलं.

पहिल्या गुरुवारी पन्नास गोळ्या झाडून बाई घरी आल्या, त्या अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोलवटून. दोन दिवस पोळ्या पद्माकरांनी लाटल्या. तिसऱ्या दिवशी दोघांनी ब्रेड खाल्ला.

रिव्हॉल्वर तडकेल हे डेटमरांचं म्हणणं बाईंनी सांगितलं तेव्हा "गेनाऊ," पद्माकर म्हणाले. जर्मन लोकांसारखं त्यांनाही प्रत्येक गोष्ट बरोबर असल्याचं जाहीर करायची सवय लागली होती. त्यांनी आलेखाचा कागद काढला. "दोन हजार गोळ्यांच्या आसपास तडा जाणार. नळी बसवलेली असते त्याच्या खाली."

"अहो, तुम्ही ते पाहिलंसुद्धा नाहीत."

"अॅल्युमिनियम पाहिलंय."

दर गुरुवारी पन्नास गोळ्या, असा नेम ठरला. ही बातमी मंडळात पसरली तेव्हा बारजवळच्या फळ्यावर आकडा लिहायला सुरुवात झाली. रिव्हॉल्वर कितव्या गोळीला तडकेल, याचा प्रत्येकानं आपला अंदाज नोंदवला. ज्याचा सगळ्यात चुकेल त्यानं सगळ्यांसाठी स्वतःच्या हातानं केक करायचा. डेटमरांनी ठणकावून पाचशे लिहिलं.

साडेचारशेला बाजूचा एक स्क्रू सैल झाला. तो घट्ट करून झाल्यावर पाचशे उलटले आणि डेटमर फळ्याकडे पाठ करून बसू लागले. अकराशेच्या सुमारास नवीनच भानगड निघाली. तीन गोळ्या झाडल्या की धक्क्यानं उरलेल्या दोन गोळ्यांचं शिसं पुढे सरके आणि गोळ्यांचं चाक अडून बसे. मंडळाच्या गोळ्या डेटमर स्वतः बनवत, नळकांड्यात दारू भरून वर शिसं दाबून बसवत. त्यांनी पुढच्या खेपेपासून त्या जास्त घट्ट दाबल्या. या सगळ्यावर दर आठवड्याला तासभर चर्चा व्हायची, आणि तिच्यात बाई बोलत होत्या. भाषेच्या दाखल्यासाठी लागणारे शब्द त्यांना अजून येत नव्हते, पण 'सैल', 'अडलं', 'सरकलं', 'घासलं' हे शब्द त्या झोपेतसुद्धा वापरत, असं पद्माकर सांगत.

दोन हजाराव्या गोळीला पद्माकर भिंग घेऊन आले. मंडळाचे अठराच्या अठरा लोक हजर. रिव्हॉल्वर तपासलं. तडा नव्हता.

"चाचणीच नीट झालेली नाही," पद्माकर म्हणाले. "हिचा हात मऊ आहे. धक्का हातच खातो. सांगाड्यापर्यंत पोचतच नाही."

"मग तुम्ही झाडा," बाई म्हणाल्या.

डेटमरांच्या देखरेखीखाली पद्माकरांनी हात घट्ट ताठ केला आणि एक गोळी झाडली. उरलेल्या चार बाईंना झाडाव्या लागल्या, कारण पद्माकर मनगट धरून बाकावर बसले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला हात पाहून ऑफिसात विचारपूस झाली. "बागेत पडलो," त्यांनी सांगितलं. पण अर्धं गाव त्याच कारखान्यात कामाला, खरी बातमी त्यांच्या आधीच पोचली होती.

सप्टेंबर उजाडला. फळ्यावर २३५०. रिव्हॉल्वर साफ करताना बाईंचं नख नळीखाली अडखळलं. फडकं फिरवलं, पुन्हा नख फिरवलं. केसाएवढी रेघ होती. बाईंनी ते टेबलावर अलगद ठेवलं. वर्षभरात त्यांनी कोणत्याच माणसाबरोबर इतके गुरुवार घालवले नव्हते.

डेटमरांनी चष्मा चढवून पाहिलं. "रिस," ते म्हणाले. तडा. मग हळूच, "बिचाऱ्यानं फार सोसलं." रिव्हॉल्वर कायमचं कपाटात गेलं. ते मायक्रोस्कोपखाली बघायला मिळावं म्हणून पद्माकरांनी विनंती केली, पण हत्यार असं कुणाला देता येत नाही हे ऐकल्यावर ते दोन दिवस नाराज होते.

बुधवारी बेहेऱ्यांचा फोन वाजला. एरवी जर्मन फोन आला की बाई तो नवऱ्याच्या हातात देत. पद्माकर घरी नव्हते.

"फ्राउ बेहेरे, मी डेटमर. अंडी कधी घालायची?"

डेटमरांनी जन्मात केक केला नव्हता. बाईंनी अंडी, मैदा, ओव्हन, साचा असं सगळं अर्धा तास समजावलं. मध्येच एकदा अस्सल जर्मन थाटात त्यांना ओरडल्यासुद्धा, "आल्झो, नाही, आधी साखर!" फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकदाही अडखळलो नाही.

गुरुवारी केक आला. मध्ये बसलेला, कडेला करपलेला. सगळ्यांनी तो बियरबरोबर घशाखाली उतरवला. मग डेटमरांनी कपाट उघडून पोलादी रिव्हॉल्वर बाईंच्या हाती ठेवलं. त्यांनी ते सरळ धरलं. सहा गोळ्या झाडल्या, पाच काळ्या वर्तुळात.

"कसं वाटलं?" डेटमरांनी विचारलं.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण काही होतंय असं वाटतच नाही."